कोकणातल्या रॉक बँडने श्रोते शोधायला परदेशी मुक्काम हलवावा का?

प्रश्न असा आहे. सिंधुदुर्गातल्या चौघांचा ऑल्टरनेटिव्ह रॉक बँड आहे. बहुतेक गाणी स्वतःची, मराठीत, काही इंग्रजीत. कुडाळ-सावंतवाडीकडे या संगीताला श्रोता नाही, गोव्यातल्या शॅकवाल्यांना फक्त कव्हर्स (दुसऱ्यांची गाजलेली गाणी) हवीत, आणि मुंबई-पुण्यात वर्षाला दोन-तीन कार्यक्रम मिळतात. चौघांनी मिळून १२ लाख रुपये साठवलेत. नोकऱ्या सोडून बर्लिन किंवा लंडनला बिऱ्हाड हलवावं का, आणि हलवायचं तर कसं?

बिऱ्हाड आत्ता हलवू नका. आधी एकच देश निवडा, त्यातली पाच-सहा शहरं धरा आणि तिथे दोन दौरे करा. दुसऱ्या दौऱ्याला त्याच शहरात पहिल्यापेक्षा जास्त माणसं आली, तर तिथे तुमचा श्रोता आहे. एका रात्री अनोळखी चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तो मिळाला असं होत नाही.

पहिलं कारण सरळ पैशाचं आहे. बर्लिनमध्ये भाड्याच्या घरातली एक खोली महिना ६०० युरोच्या खाली मिळाली तर नशीब. त्यात जेवण, प्रवास, आरोग्य विमा आणि सरावाच्या खोलीचा वाटा मिळवला की माणशी महिना १,२०० युरो धरावे लागतात. चौघांचे ४,८००. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर महिन्याला पावणेपाच ते पाच लाख. म्हणजे १२ लाख अडीच महिन्यांत संपतात, आणि अडीच महिन्यांत नव्या शहरात बँडला नीट कार्यक्रमसुद्धा लागत नाहीत, कारण क्लबांच्या तारखा चार ते आठ महिने आधी भरलेल्या असतात. मग चौघेही हॉटेलात भांडी घासायचं किंवा सामान पोचवायचं काम शोधतात, पाळ्या जुळत नाहीत, सराव आठवड्यातून एकदा होतो आणि गावी असताना जेवढं वाजवत होता तेवढंही वाजवणं होत नाही.

हे नवीन नाही. मेलबर्नचा द बर्थडे पार्टी १९८० मध्ये लंडनला गेला. तिथे गरिबी आणि कोरडं स्वागत वाट्याला आलं, १९८२ मध्ये त्यांनी पश्चिम बर्लिन गाठलं आणि १९८३ मध्ये बँड फुटला. पर्थचा द ट्रिफिड्स १९८४ मध्ये लंडनला गेला. वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतलं, युरोपात श्रोतेही मिळाले, तरी दशक संपता संपता तोही थांबला. दोन्ही बँड असामान्य होते. निघण्याआधी दोघांच्याही हाती मायदेशात निघालेल्या रेकॉर्ड्स होत्या, आणि त्या काळच्या ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर लंडनमध्ये राहून काम करणं आज भारतीय पासपोर्टवर आहे त्याच्या मानाने बरंच सोपं होतं. उलट आपल्याकडची अलीकडची उदाहरणं बघा. दिल्लीचा ब्लडीवूड २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन या मेटल संगीताच्या महोत्सवात वाजला, तो दिल्लीत राहूनच. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हाही दिल्लीचा बँड. पॅरिसच्या पनाश पारिझियेन या लेबलने त्यांच्या रेकॉर्ड्स काढल्या. श्रोता परदेशी आणि सरावाची खोली भारतात, ही व्यवस्था चालते.

आता देश कोणता? स्ट्रीमिंगच्या आकड्यांत देश बघू नका, शहर बघा. आणि शहरातही महिन्याचे श्रोते बघू नका, गाणं जपून ठेवणारे आणि परत ऐकणारे बघा. एखाद्या प्लेलिस्टमुळे हॅम्बुर्गमध्ये अचानक ८०० श्रोते दिसले आणि पुढच्या महिन्यात ६० उरले, तर ते ६० खरे. बँडकॅम्पवरून (बँड थेट गाणी विकतात ती वेबसाइट) कुणी पैसे देऊन गाणं घेतलं असेल तर त्याचा ईमेल आणि शहर वेगळं लिहून ठेवा. एका प्रदेशात असे पंचवीस-तीस पत्ते जमले की पहिला दौरा तिथे.

काहीच कल दिसत नसेल तर जर्मनी निवडा. कारण अगदी व्यावहारिक आहे: तिथल्या छोट्या क्लबांमध्ये आणि युवक केंद्रांमध्ये बाहेरच्या बँडला गरम जेवण आणि झोपायला जागा द्यायची जुनी रीत आहे. इंग्लंडमध्ये छोट्या पबमध्ये वाजवलं तर बहुतेक वेळा दोन पेयांची कुपनं मिळतात आणि राहण्याचं आपलं आपण बघायचं. शिवाय जर्मनीत शहरं जवळजवळ आहेत. हॅम्बुर्ग ते बर्लिन २९० किलोमीटर, बर्लिन ते लाइपझिग १९०, लाइपझिग ते ड्रेस्डेन ११५. कुडाळहून मुंबईला कार्यक्रमाला जाणाऱ्यांना हे अंतर काहीच नाही. बर्लिनचा मोह मात्र आवरा. तिथे दर रात्री इतके बँड वाजतात की अनोळखी नावाला कुणी घराबाहेर पडत नाही. लाइपझिग, म्युन्स्टर, गटिंगेन अशा विद्यार्थ्यांच्या शहरांत शंभर-दीडशे माणसांच्या खोल्या आहेत आणि बाहेरगावचा बँड येणं ही तिथे अजून बातमी असते.

काळ कोणता, हे कोकणातल्या बँडला नीट जुळवावं लागतं. युरोपात क्लबांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा फेब्रुवारी ते मे असा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे महोत्सवांना आणि सुटीवर. आपल्याकडे गणपतीत कुणाला घर सोडता येत नाही आणि मार्चच्या सुमारास शिमगा. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच सोयीचा काळ. फेब्रुवारीत क्लबांना लिहायला सुरुवात करा, जूनपर्यंत निम्म्या तारखा पक्क्या करा, पावसाळ्यात सराव करा. लिहिताना लांबलचक आत्मचरित्र पाठवू नका. तीन ओळी, प्रत्यक्ष वाजवतानाची एक चित्रफीत, मोकळ्या तारखा आणि त्याच शहरातल्या एका स्थानिक बँडचं नाव, ज्याच्यासोबत तुम्ही वाजवणार आहात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. गर्दी स्थानिक बँड आणतो. क्लबवाल्याला तेच बघायचं असतं. त्या बँडला बदल्यात गोवा-पुण्यात कार्यक्रम लावून द्यायचं वचन द्या आणि पाळा. मोठ्या बँडच्या आधी वाजवण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारे भेटतील. पहिल्या दोन दौऱ्यांत त्यांना नकार द्या.

व्हिसाच्या बाबतीत सगळ्यात जास्त बँड गोत्यात येतात. पर्यटक म्हणून व्हिसा काढायचा आणि गिटार घेऊन विमानतळावर उतरायचं, हे करू नका. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने बँडचं नाव फोनवर टाकलं की पोस्टर आणि तारखा समोर येतात, तुम्ही परतीच्या विमानात बसता आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. शुल्क प्रौढाला ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. पैसे घेऊन वाजवण्याची परवानगी मात्र प्रत्येक देश स्वतःच्या कायद्याने ठरवतो. जर्मनीत एकेका दिवसाचे कार्यक्रम करणाऱ्या कलाकारांना वर्षाला १५ दिवसांपर्यंत सवलत आहे. म्हणूनच दौरा बारा-चौदा कार्यक्रमांचा आणि एकाच देशात ठेवा. मध्येच प्राग किंवा ॲमस्टरडॅम घुसवलं की दुसऱ्या देशाचा नियम लागू होतो. अर्जाला प्रत्येक क्लबचं सहीचं पत्र जोडा: तारीख, मानधन, जेवण-राहण्याची सोय आणि जबाबदार माणसाचा फोन. तुमची सवलत कोणत्या कलमाखाली बसते हे वाणिज्य दूतावासाला आधीच ईमेलने विचारा आणि उत्तराची प्रत सोबत ठेवा.

इंग्लंडची तऱ्हा वेगळी. साध्या व्हिजिटर व्हिसावर ठरावीक सशुल्क कार्यक्रम करता येतात, पण निमंत्रण तिथल्या संस्थेचं हवं, कार्यक्रम आधी ठरलेले हवेत आणि पोचल्यापासून ३० दिवसांत उरकायला हवेत. त्याहून जास्त वाजवायचं तर क्रिएटिव्ह वर्कर व्हिसा, त्यासाठी परवानाधारक प्रायोजकाचं प्रमाणपत्र. अमेरिकेचा विचार आत्ता बाजूला ठेवा. तिथला बँडसाठीचा पी-१ व्हिसा आंतरराष्ट्रीय ख्यातीचा पुरावा मागतो आणि निदान तीन चतुर्थांश सदस्य किमान वर्षभर बँडमध्ये असावे लागतात.

सामानाबद्दल दोन टोकाच्या चुका होतात: सगळं न्यायचं किंवा काहीच न्यायचं नाही. गिटार, बेस, पेडलबोर्ड, आणि ड्रमरचे स्नेअर, झांजा व किकचं पेडल एवढं न्या. अँप आणि ड्रमचा सांगाडा क्लबमध्ये असतो किंवा सोबतचा स्थानिक बँड देतो. हातातून नेलेली वाद्यं युरोपियन युनियनमध्ये परत नेण्याच्या बोलीवर तोंडी घोषणेने चालतात, त्यामुळे चौघांच्या बँडला एटीए कार्ने (सामान कर न भरता तात्पुरतं परदेशी नेण्याचा कस्टम्सचा दस्तऐवज) लागत नाही. पेट्या भरून अँप पाठवायचे असतील तरच त्या वाटेला जा. भारतात कार्ने फिक्की ही उद्योगसंघटना देते, मुदत एक वर्ष, आणि यादीतली एखादी वस्तू परत आली नाही तर तिथला कर तुमच्या गळ्यात पडतो. मुंबई किंवा मोपाहून निघताना मात्र आपल्या कस्टम्सकडून वाद्यांचं निर्यात प्रमाणपत्र घ्या, अनुक्रमांकासकट. परत येताना नवी कोरी दिसणारी गिटार तुमचीच आहे हे त्यावरूनच सिद्ध होतं. विकायचे टी-शर्ट तर इथून नेऊच नका: ते विक्रीचा माल ठरतात, कार्नेतही बसत नाहीत. तिथेच छापून पहिल्या क्लबच्या पत्त्यावर मागवा.

गिटारमधल्या शिसवाच्या लाकडाबद्दल नेहमी विचारतात. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती साइट्स (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराच्या यादीत आल्या तेव्हा फिंगरबोर्डवरून खरंच अडचण होत होती. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट आहे. आपल्या सह्याद्रीतलं शिसव असेल तर काळजी नको. फक्त ब्राझीलच्या शिसवाला सूट नाही; जुनी महागडी गिटार असेल तर ती घरी ठेवा.

लाकडाचा खरा शत्रू हवा आहे, आणि याकडे कोकणातले वादक हटकून दुर्लक्ष करतात. आपल्याकडे पावसाळाभर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. जांभ्याच्या भिंतीची खोली असेल तर आणखी. नोव्हेंबरात जर्मनीत हीटर लावलेल्या खोलीत ती ३० टक्क्यांवर येते. फुगलेलं लाकूड आठवडाभरात आक्रसतं, फ्रेटच्या तारांची टोकं फिंगरबोर्डच्या कडेबाहेर येतात आणि बोटं कापतात. अकूस्टिकचं पोट बसतं, कधी चीर जाते. यावर उपाय आहेत आणि स्वस्त आहेत. निघण्याच्या महिनाभर आधी गिटार बंद पेटीत आर्द्रता राखणाऱ्या पुड्यांसोबत ठेवा, ४५ ते ५० टक्क्यांवर. विमानात तारा थोड्या सैल करा, काढू नका. पोचल्यावर पेटी लगेच उघडू नका, दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ट्रस रॉडची (गिटारच्या मानेतली, तिचा बाक जुळवणारी सळई) किल्ली आणि एक बारीक कानस सोबत ठेवा. दुसरं, खाऱ्या हवेने जॅक आणि स्विच आतून काळे पडतात. इथे सरावात जी खरखर "चालतंय" म्हणून सोडून देता, ती तिथल्या शांत खोलीत सगळ्यांना ऐकू येते. निघण्याआधी प्रत्येक जॅक, पॉट आणि स्विच काँटॅक्ट क्लीनरने साफ करा, हलणारे सांधे पुन्हा सोल्डर करा.

वीज जर्मनीत आपल्यासारखीच, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ; फक्त प्लग वेगळा. इंग्लंडात तीन चपट्या पिनांचा. पेडलना प्रत्येकाला स्वतंत्र आयसोलेटेड ९ व्होल्ट देणारा पुरवठा घ्या. बाजारातला शंभर रुपयांचा अडॅप्टर साखळीने जोडला तर पूर्ण कार्यक्रमभर गुणगुण राहते. पॉवर बँक केबिनमध्येच, १०० वॉट-अवरच्या आतला.

आता स्टेजवर काय बिघडतं ते. आपल्याकडे मंडपवाला साऊंड लावतो, मॉनिटर (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) नावालाच असतो, इको पूर्ण उघडा असतो. त्यात ऐकू यावं म्हणून ड्रमर जोरात मारतो, गिटारवाला अँप वाढवतो, गायक ओरडतो. ही सवय घेऊन शंभर माणसांच्या जर्मन खोलीत गेलात तर पहिल्या गाण्यातच खेळ बिघडतो. तिथे प्रमाण ठरलेलं आहे: अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबल. फ्रान्समध्ये पंधरा मिनिटांची सरासरी १०२. छोट्या खोलीत एकटा स्नेअरच ते प्रमाण गाठतो, मग साऊंड इंजिनिअर बाकी सगळं खाली आणतो आणि शब्द बुडतात. म्हणून पावसाळ्यातला सराव हळू आवाजात करा. कसोटी सोपी आहे: गायकाने माइकशिवाय म्हटलेले शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकाला कळले पाहिजेत, ड्रम चालू असताना. स्नेअरच्या कातड्यावर जेलचा छोटा तुकडा, हलक्या काठ्या आणि गिटारच्या अँपला मागे तिरकं टेकवणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

साऊंड चेक पूर्ण मिळेल असंही धरू नका. बहुतेक वेळा वीस मिनिटांचा लाइन चेक असतो, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज येतो का एवढंच बघणं. त्यासाठी एका पानावर स्टेजचा नकाशा आणि इनपुटची यादी हवी: १ किक, २ स्नेअर, ३ ओव्हरहेड, असं क्रमाने, कुठे माइक आणि कुठे डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) हे लिहून. ते पान आठवडाभर आधी ईमेलने, आणि छापील दोन प्रती खिशात. पस्तीस मिनिटं दिली असतील तर तेहतीसमध्ये उतरा. क्लबवाले गाण्यापेक्षा हे जास्त लक्षात ठेवतात, आणि पुढच्या वर्षीचं बोलावणं त्यावरच येतं.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो आहे. गाणी मराठीतच ठेवा, मालवणी येत असेल तर तीही. कळत नसलेल्या भाषेत गाणारा बँड ऐकायची जर्मन श्रोत्याला सवय आहे. तो आवाज आणि चाल ऐकतो. उच्चार बेतून म्हटलेल्या इंग्रजीला मात्र तो हजारो इंग्रजी बँडांशी ताडून बघतो आणि त्यात तुम्ही मागे पडता. दोन गाण्यांमध्ये इंग्रजीत एका वाक्यात विषय सांगा, बस.

आणि महाराष्ट्र मंडळं? लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे, बहुतेक मोठ्या शहरांत एक तरी आहे. तिथली माणसं आपुलकीने जेवू घालतील, राहायला देतील, एखादं कार्यक्रमाचं पत्रही देतील. पण त्या सभागृहात बसलेला श्रोता नाटक, भावगीतं आणि गणेशोत्सवासाठी आलेला असतो, लहान मुलं सोबत असतात. त्याला रॉकचा श्रोता समजून दौरा आखला तर दोघांचीही निराशा होते. दौऱ्यातल्या सुटीच्या दिवशी तिथे अकूस्टिक कार्यक्रम करा. आखाताचंही तेच, रत्नागिरीची अर्धी घरं तिकडे कामाला आहेत, पण स्वतःची गाणी वाजवायला छोटे क्लब तिथे फार थोडे.

पहिल्या दौऱ्याचा हिशेब असा धरून चाला. विमानाची तिकिटं २ लाख ६० हजार, व्हिसा आणि विमा ६० हजार, अठरा दिवस नऊ आसनी व्हॅन आणि डिझेल अडीच लाख, सुटीच्या दिवसांचं जेवण-राहणं १ लाख, जादा सामान आणि किरकोळ ४० हजार, टी-शर्ट ६० हजार. एकूण ७ लाख ७० हजार. बारा कार्यक्रमांना सरासरी १५० युरो म्हणजे १ लाख ८० हजार, आणि रोज ६० युरोची विक्री झाली तर सुमारे ७२ हजार. सव्वापाच लाखांच्या आसपास खिशातून जातात. उरलेल्या पावणेसात लाखांत पुढच्या वर्षीचा दुसरा दौरा होतो. व्हॅन चालवणाऱ्या दोघांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, आणि व्हॅनवाल्याची वयाची अट आधी विचारावी.

जर्मनीत एका कलाकाराला एका कार्यक्रमाचे २५० युरोपर्यंत मिळाले तर परदेशी कलाकारांचा कर कापला जात नाही. त्यापुढे सोलिडारिटी अधिभारासह १५.८२५ टक्के. म्हणून करारात मानधन चौघांच्या नावे वेगवेगळं दाखवायला सांगा. निघण्याआधी गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (गाण्यांची रॉयल्टी गोळा करणारी भारतीय संस्था) सदस्यत्व घेऊन गाणी नोंदवावीत, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर आयोजकाने गाण्यांची यादी गेमा या तशाच जर्मन संस्थेकडे दिली का ते विचारावं. तो पैसा वर्ष-दीड वर्षाने येतो, पण येतो.

दुसऱ्या दौऱ्यानंतर निदान तीन शहरांत माणसं वाढली, आणि एखाद्या लेबलने किंवा बुकरने (कार्यक्रम ठरवून देणाऱ्याने) स्वतःहून तिसरा दौरा लावायची तयारी दाखवली, तरच बिऱ्हाडाचं बोला. तेव्हाही चौघांनी एकदम उडी घेऊ नका. जर्मनीचा स्वतंत्र व्यावसायिकांचा निवास परवाना बँडला मिळत नाही, माणसाला मिळतो. प्रत्येकाला स्वतःच्या उत्पन्नाचा आराखडा, तिथल्या ग्राहकांची पत्रं आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. शिकवणारा किंवा ध्वनिमुद्रण जाणणारा सदस्य तिथे पोट भरू शकतो, म्हणून तो आधी जातो. तो तारखा ठरवतो, बाकीचे तिघे दौऱ्यापुरते ९० दिवसांच्या आत येतात. जाण्यापूर्वी कागदावर लिहून काढा: गाण्यांचे हक्क कुणाचे किती, एकाने सोडलं तर नाव कुणाकडे, घरी आजारपण आलं तर त्याच्या जागी कोण वाजवणार, आणि साठवलेल्या पैशात शेवटचे परतीच्या तिकिटाचे चार हिस्से कुणीही हात न लावता कुठल्या खात्यात राहणार.